डबीतली शिंक

“काल दिवसभर शोधत होतात ना, बाबा? ही घ्या तुमची डबी!” नव्या सुनेने तपकिरीची शिसवी डबी सासऱ्यांच्या हातावर ठेवली. डबी नुसती लखलखत होती.

सासूबाईंच्या हातातली सुई थांबली. “अगं, हे काय केलंस?”

“आतून किती काळी झाली होती, आई! पॉलिश पेपरने घासली, जवसाचं तेल पाजलं, उन्हात ठेवली.” पोरगी सुताराची. तिच्या माहेरी जुन्या लाकडावर माया करायची ती अशीच.

ती काळी पुटं हीच तर खरी डबी होती. सासऱ्यांच्या आजोबांनी ती घेतली. मग ती त्यांच्या वडिलांकडे आली, मग आत्याकडे. आत्या दाराआड चिमूट ओढायची आणि शिंकेचं खापर धुळीवर फोडायची. तिने जाताना ती लाडक्या भाच्याला दिली. डॉक्टरांनी तपकीर बंद केली तेव्हापासून हा भाचा, म्हणजे आपले सासरेबुवा, रोज सकाळी रिकामी डबीच हुंगत. इतक्या जणांची तपकीर लाकडात मुरलेली, एक शिंक हमखास यायची. तेवढ्यावर स्वारी दिवसभर खूश असायची.

त्यांनी झाकण उघडलं, डबी नाकाशी नेली आणि डोळे मिटून श्वास ओढला. जवसाचं तेल. बाकी काही म्हणता काही नाही. त्यांचा चेहरा पडला.

“चुकलं का माझं, बाबा?” सुनेचा आवाज रडवेला झाला.

म्हाताऱ्याने घाईघाईने पुन्हा डबी हुंगली, मान मागे टाकली, तोंड वाकडं केलं आणि घसा फाडून शिंकला. बिचाऱ्याला सोंग म्हणून कधी जमलं नाही.

“बघ! आली की नाही?”

सून हसली, पण अर्धवटच. खात्री करून घ्यायला तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या बाईने अख्खा संसार या शिंका ऐकत काढला होता. खोटी शिंक तिला भिंतीपलीकडूनही कळली असती.

“हळू हो जरा!” सासूबाई नवऱ्यावर कडाडल्या. “पोरीने डबी घासून दिली म्हणून काय घर डोक्यावर घ्यायचं?”

आणि त्याचं कोरडं ठणठणीत नाक पुसायला त्यांनी रुमाल पुढे केला.