पोलादी खातूनचा पट्टा

जुन्या कॉमिकमधली पोलादी खातून, राहणार खडकी. तिची सगळी ताकद तिच्या चकचकीत पट्ट्यात आहे, असं अख्खं पुणं छातीठोकपणे सांगायचं. म्हणून दुष्ट डॉक्टर गंधकानं तो पट्टाच पळवला, स्वतःच्या कमरेला बांधला आणि माणसांनी भरलेला पूल पाडायला निघाला.

"आता बाईचं काही खरं नाही," लोक हळहळले.

खातून डावा हात कमरेवर ठेवून ऐटीत आली. नुसत्या उजव्या हातानं तिनं अशी एक ठेवून दिली, की गडी थेट मुळा नदीच्या चिखलात!

"पट्टा तर माझ्याकडे आहे! मग ही ताकद आली कुठून?" तो खालून विव्हळला.

 

"ताकद माझीच आहे, मुडद्या! पट्टा टाक इकडे, विजार धरून धरून डावा हात दुखायला लागला."