अदलाबदल

"सासूला उचलणं, पुसणं, भरवणं, हे काम धरत नाहीत बाई," कचेरीतले साहेब कागदावरून मान न उचलता म्हणाले. "नवा नियम आहे. सरकारी मदत चालू ठेवायची तर आठवड्याला वीस तास काम केल्याचा दाखला आणा. हेच दुसऱ्याच्या घरी केलंत तर चालेल."

लकव्याने आडवी झालेली सासू सोडून मी जाणार कुठे? धुमसतच घरी आले. सासूजवळ शेजारची मेहरुन बसली होती. मला बाहेर जायचं असलं की ती येते, ती बाहेर गेली की तिच्या अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ मी बसते. तिलाही काल कचेरीत हेच ऐकवलं होतं. साहेबांचं शेवटचं वाक्य मी तिला सांगितलं आणि आम्ही दोघी हसायलाच लागलो.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या आईला मी न्हाऊ घालू लागले आणि माझ्या सासूला ती. सासूबाई दोन दिवस कुरकुरल्या, मग तिच्याच हातचं खिमट मागू लागल्या.

महिन्याने दोन्ही दाखले घेऊन मी कचेरीत गेले. माझ्या दाखल्यावर मेहरुनची सही, तिच्या दाखल्यावर माझी. साहेबांनी दोनदा वाचले आणि मान वर केली.

"अहो, ही काय थट्टा लावलीय? हे तर तुमचं घरातलंच काम झालं!"

"म्हणजे काम आहे ना?" मी दाखले पुढे सरकवले. "गेल्या महिन्यात नव्हतं म्हणालात. मारा आता शिक्का."