रक्ताची नळी

चित्रकलेच्या बाईंच्या रक्तात सुजेचा आकडा भलताच वर आला. ना ताप, ना दुखणं. डॉक्टर म्हणाले, "सूज आहे हे नक्की. पण कुठे, ते यावरून कळत नाही."

बाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. त्यांनी लॅबमध्ये फोन लावला. "दादा, काही चूक तर नाही ना झाली?"

"बाई, त्याच नळीतलं रक्त मी पुन्हा तपासलं. आकडा सकाळपेक्षा वाढलाय."

"नळीतल्या नळीत कसा वाढेल?"

लॅबवाल्याने आवाज खाली आणला. "नळी फ्रीजमध्येच आहे. तरी हाताला कढत लागते."

"मग टाकून द्या ना ती!"

"तेच करणार होतो. पण बाई, टाकली तर तुम्हाला काही होणार नाही ना?"