एका क्रियापदाचं मराठी

“बाबा, जर्मनमध्ये ‘फेराटेन’ म्हणजे सांगून टाकणं, आणि दगा देणंसुद्धा. कुठला शब्द घालू?”

फिल्म सोसायटीसाठी मी एका जर्मन सिनेमाची मराठी सबटायटल्स करत होते. अणुभट्टीविरुद्ध लढणारी कॉलेजची पोरं. त्यातला एकजण कोठडीत मार खाऊन मित्राचा पत्ता देतो आणि सुटल्यावर मित्राच्या आईला एवढंच म्हणतो, “मी फेराटेन केलं.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. “‘दगा दिला’ घाल. उगाच गुळगुळीत करू नकोस.”

रविवारी सिनेमाला विसूकाका आले. बाबांचे चळवळीतले जुने सोबती. आणीबाणीत एकोणीस महिने तुरुंगात होते. त्यांचा ठावठिकाणा पोलिसांना कोणी कळवला, हा विषय आमच्या घरात कधीच निघाला नव्हता. मी दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले.

ते वाक्य आलं. पडद्यावर खाली माझं मराठी उमटलं: मी दगा दिला. बाबांनी मान खाली घातली.

काका माझ्याकडे वाकले, पण बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “चुकलंय गं तुझं. एवढा मार खाल्ल्यावर पोरगं बोललं, त्याला दगा म्हणतात होय? ‘सांगितलं’ कर.”

मग बाबा म्हणाले, “विसू, मला तर पोलिसांनी हातही लावला नव्हता.”

काकांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

“ठाऊक आहे मला. तरीसुद्धा ‘सांगितलं’च.”