भट्टीचा नवा कंट्रोलर

मंगळवार पेठेतल्या आपल्या बेकरीच्या जुन्या भट्टीला अण्णासोंनी नवा कंट्रोलर बसवून घेतला. आता जळणाच्या भुशाच्या गोळ्या आपोआप आत पडणार, आच आपोआप कमी-जास्त होणार. भट्टीपाशी ठाण मांडून बसायला नको.

"आता घरात येऊन जेवत जावा की," बायको रत्नव्वा खुशीत म्हणाली. लग्न झाल्यापासनं ती दोघांची ताटं भट्टीपाशीच न्यायची. आच बघत, पेठेतल्या सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत दोघं तिथंच जेवायची.

आठवडाभर अण्णासो घरात जेवले, क्रिकेट बघत.

रविवारी रत्नव्वानं दोन्ही ताटं उचलली आणि बेकरीकडं निघाली.

अण्णासो मागनं ओरडले, "अगं, भट्टी आता आपली आपण चालती की!"

"व्हय, पर तितं टीव्ही न्हाय."