संपर्क होऊ शकला नाही

चाळणीने सकाळपासून तिसऱ्यांदा अध्यक्षांकडे संशयाने पाहिलं. चाळणी हे तिचं समितीतलं टोपणनाव. ते तिच्या पाठीमागे घेतलं जाई आणि तिला ते ठाऊक होतं. औषधांवरचे अभ्यास तपासायचे आणि त्यांचा पुरावा पक्का, बऱ्यापैकी, कच्चा की अगदीच कच्चा ते ठरवायचं, हे तिचं काम. आज पक्षाघातानंतर द्यायच्या एका गोळीचा निकाल लागायचा होता. ‘पक्का’ ठरलं की पुढच्या महिन्यापासून ती गोळी प्रत्येक हॉस्पिटलात सुरू होणार होती.

अध्यक्षांना सगळे सर म्हणत. सर घाईत होते, आणि घाईतली माणसं तिला मुळीच आवडत नसत. शिवाय गोळीवरचा एकमेव मोठा अभ्यास सरांच्या शिष्याने केलेला. दोनशे रुग्ण होते, आणि गोळी घेणारे लवकर चालायला लागले, असा निष्कर्ष. शिष्याची गोष्ट सरांनी पहिल्याच बैठकीत आपण होऊन सांगून टाकली होती. आपण होऊन सांगणाऱ्याचा तर जरा जास्तच संशय घ्यावा, असं तिचं मत होतं.

तिने काय काय पाहिलं नव्हतं? कंपनीने पैसा पुरवला होता का, ते पाहिलं. गोळी कोणाला द्यायची ते खरंच चिठ्ठ्या टाकून ठरवलं का, ते पाहिलं. सगळे आकडे दोनदा घरी बसून पुन्हा मांडले. कुठेतरी पाणी मुरतंय असं तिला वाटत होतं, पण ओल काही सापडत नव्हती.

राहता राहिला शिंपी. रुग्णांच्या बाजूने एक माणूस समितीत हवा असा नियम होता, म्हणून पक्षाघातात बायको गेलेला हा शिंपी सभासद झाला होता. नाव सरांनीच सुचवलेलं. गेल्या दोन बैठका, सर बोलले की हा मान डोलवायचा. सरांचा होयबा, असं म्हणून तिने त्याला केव्हाच निकालात काढलं होतं. आज ती मुद्दाम त्याच्या शेजारी बसली होती, तो कोणाकडे बघून मान हलवतो ते पाहायला.

पण आज तो मान हलवत नव्हता. त्याच्यासाठी पहिल्यांदाच सगळा अभ्यास साध्या भाषेत दोन पानांवर छापून आणला होता. चष्मा नाकावर ओढून तो एकेका ओळीखालून बोट फिरवत होता.

सरांनी मत विचारलं. चार जणांनी ‘पक्का’ म्हणून हात वर केले. चाळणीचा हात अर्धवट उठला होता, तेवढ्यात शिंप्याने तिची बाही हलकेच ओढली.

“ताई, हे एकोणीस कोण?”

तिने पाहिलं. ‘सहा महिन्यांनी संपर्क होऊ शकला नाही : १९.’ तिने त्याला हळू आवाजात समजावलं, की असं प्रत्येक अभ्यासात होतं. माणसं गाव सोडतात, फोन बदलतात. मग त्यांना हिशेबातून वगळतात. शंभरात दहापेक्षा कमी असतील तर चालतं, असा आमचा नियम आहे. इथे साडेनऊ आहेत.

“आणि वारलेली माणसं?”

“त्यांची ओळ वेगळी. ही बघा. शून्य.”

शिंप्याने चष्मा काढला. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, पण आवाज न चढवता. हा अभ्यास ज्या हॉस्पिटलात झाला, ते आपल्या ओळखीचं आहे. याच गोळीच्या अभ्यासात बायकोचं नाव घातलं होतं, आपणच तिच्या अंगठ्याशेजारी सही केली होती. तिसऱ्या आठवड्यात तिला रक्ताची उलटी झाली आणि ती घरीच वारली. आजारानेच गेली, असं आपण आजपर्यंत धरून चाललो होतो.

सरांचा चेहरा खरोखरच पडला होता. हे त्यांना माहीत नव्हतं, एवढं चाळणीलासुद्धा कळलं. फार वाईट झालं, असं ते म्हणाले. पण फोन लागला नसेल, पत्ता चुकीचा लिहिला गेला असेल, एवढ्या गर्दीत होतं असं.

“साहेब, माझा नंबर दुकानाच्या पाटीवर आहे,” शिंपी म्हणाला. “दुकान त्यांच्या फाटकासमोर. तिथल्या डॉक्टरांचे पांढरे कोट मीच शिवतो. तुमचे शिष्य परवाच येऊन बाह्या आखूड करून घेऊन गेले.”

सरांनी समोरचे कागद उगाचच सारखे केले. झालं ते दुःखद आहे, पण एका माणसाच्या सांगण्यावरून पुरावा कच्चा ठरवता येत नाही, असं ते म्हणाले. आकडा दहाच्या आत आहे, नियमात बसतो. आणि त्या ओळीसमोर ‘चिंतेचं कारण नाही’ अशी खूण करून बाईंनी स्वतः सही केलेली आहे.

सगळे चाळणीकडे पाहायला लागले. तिने कंपनीवर संशय घेतला होता, सरांवर घेतला होता, या शेजारच्या माणसावर तर पोटभर घेतला होता. त्या ओळीवर मात्र तिने एका क्षणात खूण करून पान उलटलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिंप्याने कागद तिच्यापुढे सरकवला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती विचारपूस होती.

“ताई, बाकीच्या अठरा घरी कोणी जाऊन आलंय का?”