फ्रेममधलं पोस्टकार्ड

"मॅगी, क्रिसमसचं एखादं जुनं पोस्टकार्ड पाठव ना. इकडे विंटेजची फार फॅशन आहे," टोरांटोहून फ्लॅविया फोनवर म्हणाली. गिरगावच्या वाडीत बोंबील साफ करत बसलेल्या तिच्या जुन्या शेजारणीने, मॅग्डलीनने, नाक मुरडलं. तीस वर्षांत वाडीत पाऊल ठेवायला सवड नाही, आणि बाईसाहेबांना भिंतीवर वाडीचा नाताळ टांगायचाय! तरी तिने कपाटातून एक पोस्टकार्ड काढलं. पुढे गव्हाणीतला बाळ येशू, मागे निळ्या शाईत मराठीतल्या चार ओळी. दोन वर्षं तिने ते रागानेच पाठवलं नव्हतं. "वाच म्हणावं आता, आणि रड," असं पुटपुटत तिने ते पाकिटात घातलं.

महिन्याभराने व्हिडिओ कॉल आला. कार्ड सोनेरी फ्रेममध्ये झळकत होतं.

"सो क्यूट गं! मागे कोणीतरी मराठीत खरडलं होतं. मला कुठे आता वाचायची सवय! फ्रेमवाल्याने ती बाजू पुठ्ठ्याला चिकटवून टाकली. अजून एक बघ ना, जोडी लावते."

"नाही गं बाय," मॅग्डलीन म्हणाली. "डोळे मिटायच्या आदल्या दिवशी तुझ्या मम्मीने तुला एकच लिहिलं."